व्हिडिओ रेकॉर्डरमधील मोठी हार्डडिस्क आणि लिनक्सचा राखीव हिस्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

विहिरीवरचा रहाट ज्यांनी चालताना पाहिला आहे, त्यांना व्हिडिओ रेकॉर्डरचे तत्त्व समजण्यास फारसे श्रम पडू नयेत. माळेतील प्रत्येक गाडगे खाली जाऊन भरते, वर येऊन रिते होते आणि पुन्हा भरण्यासाठी खाली जाते. माळ लांब असली तर गाडगे उशिरा रिते होईल, एवढाच फरक. रिते व्हावयाचे ते चुकत नाही. कॅमेऱ्यांची दृश्ये अहोरात्र नोंदविणारा डीव्हीआर याच रीतीने चालतो. त्याची हार्डडिस्क भरली म्हणजे तो थांबत नाही. सर्वांत जुने चित्रमुद्रण टाकून देऊन त्या जागी तो नवे लिहितो. विस्मृती हा या यंत्राचा दोष नव्हे. ती त्याच्या रचनेतच अभिप्रेत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ साली नाव बदलण्यापूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, पतसंस्था, साखर कारखान्यांचे वजनकाटे, बाजार समित्या, महाविद्यालये व देवस्थाने अशा ठिकाणी हे यंत्र आता नित्याचे झाले आहे. त्याच्या विस्मृतीची जाणीव मात्र बहुधा एखादी घटना घडून गेल्यावर होते. रोखीत तफावत आढळते, तक्रार येण्यास तीन आठवडे लागतात आणि तोवर त्या दिवसाचे चित्रमुद्रण कधीच पुसले गेलेले असते. मग उपाय म्हणून मोठी हार्डडिस्क आणली जाते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरविली जाते आणि यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर पूर्वीचीच क्षमता दिसते. डिस्क चौपट झाली, स्मरण होते तेवढेच राहिले. असे का होते, उरलेल्या जागेचे काय करता येते आणि त्या जागेत लिनक्सचा एक स्वतंत्र विभाग काढल्याने काय साधते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिपादन थोडक्यात असे: मोठ्या डिस्कने विस्मृती लांबणीवर पडते, टळत नाही. ती टाळावयाची तर डिस्कवर रेकॉर्डरच्या हाताबाहेरचा एक हिस्सा वेगळा राखून ठेवावा लागतो.

२. स्मरणाचा हिशेब

प्रथम आकडे पाहू. एक कॅमेरा सेकंदाला २० लक्ष बिट या वेगाने दृश्य पाठवीत आहे असे समजा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदास अडीच लक्ष बाइट झाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा एका कॅमेऱ्यास दिवसाला २१.६ जीबी जागा लागेल आणि आठ कॅमेऱ्यांस १७२.८ जीबी. एक टेराबाइटची डिस्क या ओघापुढे सुमारे ५.८ दिवस टिकते, चार टेराबाइटची सुमारे २३.१ दिवस.

आता याच आठ कॅमेऱ्यांचे संपूर्ण वर्षाचे चित्रमुद्रण ठेवावयाचे झाल्यास सुमारे ६३ टेराबाइट लागतील आणि अठरा महिन्यांचे ठेवण्यास सुमारे ९५ टेराबाइट. एकाच डिस्कच्या लहानशा यंत्राच्या आवाक्यातील ही गोष्ट नव्हे.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जपून ठेवण्याजोगे चित्रमुद्रण एकंदर ओघाच्या मानाने अत्यल्प असते. रित्या दालनाची व बंद दरवाजाची दृश्ये पुसली गेली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. एका कॅमेऱ्याच्या एका तासास ०.९ जीबी लागतात. चार टेराबाइटच्या डिस्कपैकी ५०० जीबी बाजूस काढून ठेवले, तर उरलेल्या साडेतीन टेराबाइटवर रहाट सुमारे २०.३ दिवस फिरेल. म्हणजे फिरत्या स्मरणातले तीन दिवसही आपण गमावत नाही आणि त्यांच्या मोबदल्यात एका कॅमेऱ्याचे सुमारे ५५५ तास कायम ठेवण्याची सोय होते. राखीव हिश्शाचा सारा युक्तिवाद या एका तुलनेत सामावला आहे.

विद्यार्थ्यांचा नेहमी होणारा एक गोंधळ येथेच दूर केलेला बरा. दुकानात ‘४ टेराबाइट’ म्हणून घेतलेली डिस्क पडद्यावर ३.६४ दिसते. यात फसवणूक नाही. निर्माता दहाच्या घातांनी मोजतो, तर अनेक यंत्रप्रणाली दोनच्या घातांनी मोजतात. एकाच शेताचे क्षेत्र एकाने एकरात व दुसऱ्याने हेक्टरात सांगावे, त्यातला हा प्रकार आहे. प्रस्तुत लेखातील जीबी व टेराबाइट हे सर्वत्र दहाच्या घातांचे आहेत.

३. हार्डडिस्कचा सातबारा

जमिनीचे प्रत्यक्ष क्षेत्र आणि त्या क्षेत्राची दप्तरातील नोंद या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे महसुली व्यवहार जाणणाऱ्यास सांगावयास नको. शेतात बांध कोठेही असो, हिस्सा कोणाचा व किती हे सातबाराच्या उताऱ्यावरून ठरते आणि नोंदीत बदल करावयाचा तर फेरफार घालावा लागतो. हार्डडिस्कची स्थिती तशीच आहे. डिस्क म्हणजे एकापुढे एक क्रमांक दिलेल्या सेक्टरांची लांबलचक पट्टी. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचा हिस्सा कशासाठी, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. त्या तक्त्यास पार्टिशन टेबल व प्रत्येक हिश्शास पार्टिशन म्हणतात. यंत्र जमीन पाहत नाही. ते उतारा पाहते.

जुन्या डिस्कची प्रत नव्या डिस्कवर उतरविली की पूर्वीची क्षमता का दिसते, याचा उलगडा आता होईल. एक टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटांचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात आणि चार टेराबाइटच्या डिस्कवर ७,८१,४०,३७,१६८. प्रत करताना जमिनीबरोबर उताराही जसाच्या तसा उतरतो. त्या उताऱ्यात पहिल्या १,९५,३५,२५,१६८ सेक्टरांपलीकडे काही आहे याचा उल्लेखच नसतो. उरलेली जागा अस्तित्वात आहे, पण कोणाच्याही नावावर नाही.

उतारे लिहिण्याच्या दोन पद्धती आज प्रचारात आहेत. त्यांतील जुनी पद्धत १९८३ साली आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकावरील डॉस २.० बरोबर आली. तिला एमबीआर म्हणतात. तिच्यात डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये प्रत्येकी सोळा बाइटांच्या अवघ्या चार नोंदी मावतात. प्रत्येक नोंदीत हिश्शाचा आरंभ व लांबी यांसाठी बत्तीस-बत्तीस बिट ठेवलेले असतात. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ च्या पुढे मोजता येत नाही. ५१२ बाइटांच्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे २.२ टेराबाइटवर येते. चार टेराबाइटच्या डिस्कवर ही पद्धत वापरली, तर व्यवहारतः सुमारे पंचेचाळीस टक्के जागा नोंदीबाहेर राहते. काही क्लृप्त्यांनी ही मर्यादा ताणता येते. परंतु त्यांवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

दुसरी पद्धत जीपीटी. तिच्यात चौसष्ट बिटांचे आकडे असून सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते. शिवाय उताऱ्याची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते आणि नोंदी बिघडल्या आहेत की नाहीत हे पडताळणारा एक तपासणी-आकडाही सोबत असतो. मात्र या सोयीतूनच एक अडचण उद्भवते. लहान डिस्कची प्रत मोठ्या डिस्कवर उतरविली की ती शेवटची नक्कल नव्या डिस्कच्या शेवटी न पडता मध्येच कोठे तरी पडते. नवा हिस्सा काढण्यापूर्वी ती उचलून खऱ्या शेवटावर नेऊन ठेवावी लागते. ही पायरी वगळल्यास विभाजनाची साधने उरलेली जागा दाखविण्यास नकार देतात आणि नवशिक्याला डिस्कच सदोष असल्याचा संशय येऊ लागतो.

४. टिव्होचा दाखला

व्हिडिओ रेकॉर्डरच्या डिस्कवर आपल्या सोयीचा लिनक्स विभाग काढण्याची खटपट प्रथम गाजली ती अमेरिकेत, टिव्हो नावाच्या घरगुती यंत्राच्या बाबतीत. दूरदर्शनवरील कार्यक्रम हार्डडिस्कवर नोंदविणारे हे यंत्र १९९९ साली बाजारात आले. त्याचे आरंभीचे नमुने चौदा तासांचे व तीस तासांचे म्हणून विकले जात आणि तेही चित्राची गुणवत्ता कमीत कमी ठेवली तर. साहजिकच मालकांनी मोठ्या डिस्क आणून बसविण्यास सुरुवात केली.

टिव्होच्या पोटात लिनक्स होते. त्याच्या डिस्कवरील विभागणी शिकण्यासारखी आहे. उतारा ॲपलच्या पद्धतीचा होता. यंत्रप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि मूळ फाइलव्यवस्था यांचे दोन-दोन संच असत. एक चालू व एक निद्रिस्त. नवी आवृत्ती आली की ती निद्रिस्त संचावर लिहिली जाई आणि पुढच्या वेळी यंत्र त्या संचावरून सुरू होई. याखेरीज स्वॅपसाठी एक विभाग, बदलत्या नोंदींसाठी एक विभाग आणि चित्रमुद्रणासाठी टिव्होच्या स्वतःच्या फाइलपद्धतीचे विभाग असत. आरंभीच्या कर्नलला सेक्टर मोजण्यास अठ्ठावीस बिटच उपलब्ध असल्याने १३७ जीबीपलीकडील जागा त्याला दिसत नसे. दोनशे जीबीची डिस्क बसविली तरी यंत्राच्या लेखी ती १३७ चीच राही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मूळ विभागात ठेवलेला स्वतःचा एखादा प्रोग्राम आवृत्ती बदलताच दिसेनासा होई, कारण यंत्र दुसऱ्या संचावर गेलेले असे. यंत्राच्या घरकामात जे सापडेल ते केव्हा तरी झाडले जाणारच, हे ओळखून जाणकारांनी मोठ्या डिस्कवरील मोकळ्या जागेत एक निराळा लिनक्स विभाग काढला आणि आपली साधने तेथे ठेवली. यंत्राला त्या विभागाचे नावगाव ठाऊक नव्हते. म्हणूनच तो सुरक्षित होता. राखीव हिश्शाचे मर्म हेच.

पुढे नव्या नमुन्यांत कंपनीची स्वाक्षरी नसलेला बदललेला गाभा यंत्र चालूच देईना. मूळ प्रोग्राम खुला, परंतु बदललेला प्रोग्राम चालविण्यास मज्जाव, अशी ही विचित्र अवस्था होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत तिला ‘टिव्होकरण’ असे नाव पडले आणि २००७ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्याविरुद्ध खास कलमे घालण्यात आली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. यंत्र आपल्या पैशाने घेतले म्हणजे त्याच्या डिस्कवर हिस्सा काढण्याचा अधिकारही आपोआप मिळतो असे नाही, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

५. यंत्रांचे तीन प्रकार

हाती असलेले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे ठरविल्याशिवाय डिस्कला हात लावू नये.

पहिला प्रकार टिव्होसारखा. यंत्रप्रणाली व चित्रमुद्रण दोन्ही एकाच डिस्कवर असतात. येथे डिस्कची प्रत करणे अपरिहार्य असते आणि मोकळ्या जागेत नवा विभाग काढणे शक्य असते.

दुसरा प्रकार आपल्याकडील पेठेत मिळणाऱ्या बहुतेक डीव्हीआरांचा. यांतही पुष्कळदा लिनक्सच असते. पण ते डिस्कवर नसून मंडलावरील फ्लॅश स्मृतीत असते. डिस्क केवळ गोदाम. नवी डिस्क लावली की यंत्र तिचे ‘फॉरमॅट’ करण्याची परवानगी मागते आणि एक कळ दाबताच संपूर्ण डिस्क आपल्या पद्धतीने व्यापून टाकते. काही कंपन्यांची फाइलपद्धती तर इतकी स्वतंत्र असते की ती डिस्क साध्या संगणकास जोडल्यास कोरी भासते. अशा डिस्कवर आपण बाहेरून हिस्सा काढला, तरी यंत्र तो मानील याची शाश्वती नाही. पुढच्या फॉरमॅटमध्ये तो बांधासकट नांगरला जाईल. या प्रकारात राखीव हिस्सा त्या डिस्कवर न काढता, यंत्रास जाळ्याने जोडलेल्या वेगळ्या लिनक्स संगणकावर काढणे हाच शहाणपणाचा मार्ग.

तिसरा प्रकार साध्या संगणकाचाच रेकॉर्डर करण्याचा. लिनक्स बसवून त्यावर झोनमाइंडरसारखा खुला प्रोग्राम चालवावा. येथे डिस्कची विभागणी सर्वस्वी आपल्या हाती असते. विभागाच्या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी हाच प्रकार उचित होय, कारण त्यात काही दडलेले नाही.

६. प्रत्यक्ष कृती

पहिल्या व तिसऱ्या प्रकारच्या यंत्रांसाठी कृतीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

आरंभी जुनी डिस्क बाहेर काढून तिच्यावर क्रमांक व तारीख लिहावी. सर्व काम प्रतीवर करावयाचे, मूळ डिस्कवर कदापि नाही. नवी डिस्क निवडताना ती अखंड लेखनासाठी योग्य आहे ना हे पाहावे. अलीकडे काही डिस्कांत लेखनाच्या रेषा कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. त्यामुळे जागा वाढते खरी. पण मधले एक कौल बदलावयाचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे येथे मधला मजकूर बदलताना शेजारचा पुन्हा लिहावा लागतो. रहाटाप्रमाणे सतत पुसून लिहिणाऱ्या यंत्रास त्या मानवत नाहीत.

नंतर दोन्ही डिस्क लिनक्स संगणकास जोडाव्यात. कोणती जुनी व कोणती नवी हे त्यांच्या अनुक्रमांकांवरून व सेक्टरसंख्येवरून दोनदा पडताळावे. प्रत करणारी ‘डीडी’ ही आज्ञा निमूटपणे सांगितलेले करते. स्रोत व लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवून ती मोकळी होते. जुनी डिस्क थकलेली असल्यास ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. ते प्रथम सुस्थितीतील भाग उचलते आणि दुखऱ्या भागाकडे मागाहून वळते. प्रत झाल्यावर मूळ डिस्कचा आणि नव्या डिस्कच्या तेवढ्याच पहिल्या सेक्टरांचा हॅश काढून ताडून पाहावा.

यानंतर नवी डिस्क यंत्रात बसवून यंत्र पूर्ववत चालते की नाही, हे विभाजनापूर्वीच तपासावे. ही पायरी पुष्कळजण घाईने गाळतात आणि पुढे बिघाड झाल्यास तो प्रतीचा की विभाजनाचा हे कळण्यास मार्ग उरत नाही.

आता मोजणी व फाळणी. उतारा जीपीटीचा असल्यास शेवटची नक्कल योग्य जागी न्यावी. एमबीआरचा असल्यास चार नोंदींपैकी एखादी रिकामी आहे काय हे पाहावे. नव्या हिश्शाचा आरंभ २,०४८ सेक्टरांच्या पटीत ठेवण्याचा संकेत आहे. आधुनिक डिस्क आतून ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांनी लिहितात. आरंभ त्या तुकड्याच्या मध्येच पडला तर एका लेखनासाठी दोन तुकडे उलथावे लागतात. आपल्या उदाहरणात जुना प्रदेश जेथे संपतो, त्यानंतरची अशी पहिली जागा १,९५,३५,२५,७६० हा सेक्टर होय. मधले ५९२ सेक्टर पडीक राहतात. त्यांना पोटखराबा समजावे; त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही.

हिस्सा काढल्यावर त्यावर फाइलपद्धती मांडावी. जुन्या टिव्होला ‘ईएक्सटी-२’ कळे. आजच्या यंत्रास ‘ईएक्सटी-४’ योग्य; २००८ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्यात ती स्थिर म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात रोजकीर्द असते. फाइलींच्या नोंदींत करावयाचा बदल आधी कीर्दीत लिहिला जातो व मग मुख्य दप्तरात. वीज मध्येच गेली तरी कीर्द वाचून दप्तर सावरता येते. ग्रामीण भागात, जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे हा गुण निर्णायक मानावा. ही पद्धती पाच टक्के जागा प्रशासकासाठी आपणहून राखून ठेवते. ५०० जीबींत ती २५ जीबी होते. केवळ साठवणीच्या विभागात एवढी गरज नसते. ती एक टक्क्यावर आणता येते.

शेवटी हा हिस्सा यंत्रणेस जोडताना डिस्कच्या तात्पुरत्या नावाने न जोडता तिच्या कायम ओळख-क्रमांकाने जोडावा, कारण डिस्क वाढली वा जागा बदलली की तात्पुरते नाव बदलते. ‘नोफेल’ हा पर्याय सोबत द्यावा, म्हणजे राखीव हिश्शात बिघाड झाला तरी यंत्र अडून बसणार नाही. आणि मुख्य म्हणजे हा हिस्सा एरवी केवळ वाचनासाठी खुला ठेवावा. काही ठेवावयाचे असेल तेवढ्यापुरताच तो लेखनास मोकळा करावा आणि काम होताच पुन्हा बंद करावा. रेकॉर्डरच्या प्रोग्रामला त्याचा मार्ग कोठेही सांगू नये.

७. राखीव हिस्सा आणि पुरावा

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर तंत्रात नसून न्यायव्यवहारात आहे.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून सर्वत्र परिचित आहे. २०११ च्या जानेवारीत तेथे निघालेली यूको बँकेची शाखा कुलूप नसलेली शाखा म्हणून गाजली. त्या गावीही २०१५ साली पोलीस ठाणे आले. ठाणे आले की दप्तर आले. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात ध्वनीसह चित्रमुद्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. चित्रमुद्रण अठरा महिने जपून ठेवावे आणि तेवढ्या क्षमतेचे यंत्र उपलब्ध नसेल तर जास्तीत जास्त शक्य तितके, पण कोणत्याही परिस्थितीत एका वर्षाहून कमी नाही, असे त्यात म्हटले आहे. कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार असेल, तर मानवी हक्क आयोगास ते चित्रमुद्रण तत्काळ मागविता येते. आठ कॅमेऱ्यांच्या वर्षास ६३ टेराबाइट लागतात हा मघाचा हिशेब येथे जोडून पाहावा. कोठडीतील माणसाच्या बाजूने बोलणारा साक्षीदार पुष्कळदा तो एक कॅमेराच असतो आणि त्याची स्मृती किती दिवसांची, यावर त्या माणसाचा न्याय अवलंबून असतो.

पोलीस ठाण्याच्या बाबतीत राखीव हिस्सा हा पूर्ण साठवणीचा पर्याय होऊ शकत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तेथे आदेशाप्रमाणे सर्वच जपावयाचे आहे. परंतु जेथे असा आदेश नाही, त्या पतसंस्था, बाजार समित्या व महाविद्यालये यांच्यासाठी निवडक चित्रमुद्रण रहाटातून वेळीच उचलून ठेवण्याचा हाच सुलभ उपाय आहे.

केवळ जपून ठेवणेही पुरत नाही. ते सिद्ध करता आले पाहिजे. या जिल्ह्याची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात, त्याच खंडपीठापुढे जालना विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक-वाद चालला. २७ सप्टेंबर २०१४ रोजी उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नाही, हा त्यातला प्रश्न, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रमुद्रण हा त्यातला कळीचा पुरावा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. मूळ साधनच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे तत्त्व त्यात ठरले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात अभिलेखाचा हॅशही नमूद करावा लागतो.

हॅश म्हणजे फाइलच्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेला एक ठसा. ‘एसएचए-२५६’ पद्धतीने काढलेला ठसा षोडशमान पद्धतीच्या चौसष्ट अक्षरांचा असतो. फाइलमधील एक बिट बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. म्हणून राखीव हिश्शात प्रत्येक घटनेसाठी एक वेगळे कप्पे-नाव, त्यात चित्रमुद्रणाची फाइल, तिचा त्याच क्षणी काढलेला हॅश आणि कोणी, केव्हा, कोणत्या कॅमेऱ्यावरून ती उचलली याची लेखी नोंद, अशी शिस्त असावी. यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे वा मागे होते तेही नोंदवावे. मुदत तीनची असते तेव्हा पाच मिनिटांच्या फरकाने प्रकरणाचा रंग पालटतो.

८. मर्यादा व समारोप

या उपायाच्या मर्यादा न सांगता थांबणे उचित होणार नाही. राखीव हिस्सा ही सुरक्षित दुसरी प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर आहे. डिस्क निकामी झाली तर रहाटही जातो आणि राखीव हिस्साही. चोर पुष्कळदा रेकॉर्डरच उचलून नेतात. तेथे विभाजनाचा काय उपयोग? म्हणून राखीव हिश्शात जे ठेवले त्याची प्रत लवकरात लवकर अन्यत्र गेली पाहिजे. शिवाय कोणते चित्रमुद्रण उचलावयाचे हे माणसाने वेळेत ठरवावे लागते. वीस दिवसांत जर कोणी पाहिलेच नाही, तर रिकामा राखीव हिस्सा कोणाच्या कामी येणार?

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. व्यक्तीची खाजगी बाब हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात मान्य केले आहे. या दृष्टीने पाहता रेकॉर्डरची विस्मृती हा गुणही ठरतो. रोज ये-जा करणाऱ्या शेकडो लोकांची दृश्ये विनाकारण जपून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस नाही. राखीव हिस्सा लहान असावा, त्यात काय व का ठेवले याची नोंद असावी आणि कारण संपताच ते काढून टाकावे. डिस्क मोठी मिळते म्हणून सर्वच साठवीत राहणे हे तंत्राच्या दृष्टीने आळसाचे व नीतीच्या दृष्टीने सदोष होय.

तात्पर्य, मोठी हार्डडिस्क विकत घेणे ही पहिली व सर्वांत सोपी पायरी आहे. ती उताऱ्यावर चढविणे, तिच्यात बांध घालणे आणि बांधाच्या अलीकडे रहाट व पलीकडे दप्तर अशी वाटणी करणे हे खरे काम. त्यांपैकी फिरत राहणे यंत्राला येते. काय राखावे याचा निर्णय मात्र यंत्र कधीही करीत नाही. तो आपण करावयाचा असतो, आणि तोही रहाटाचे गाडगे वर येऊन रिते होण्यापूर्वी.